आगराचा वारसा

वडिलोपार्जित जमीन जशी मिळाली तशीच पुढें सोंपविणें हाच कुलधर्म, अशी आपल्यांपैकीं पुष्कळांची समजूत असते. रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या किनाऱ्यावरील जुन्या आगरांचा इतिहास पाहिला असतां मात्र ती टिकत नाहीं. तेथें प्रत्येक पिढीनें जमिनीचा उपयोग बदलला, म्हणूनच ती घराण्यांत राहिली.

प्रथम जुनी व्यवस्था पाहूं. घराच्या पाठीमागें नारळी-पोफळीचें आगर. पोफळींवर मिऱ्याचे वेल, सावलींत केळी, आणि रहाटाचें पाणी पाटानें झाडोझाड फिरविलेलें. सखल भागांत भाताचीं खाचरें व डोंगरउतारावरील वरकस जमिनींत नाचणी-वरी. भात व नारळ घरांत लागत. सुपारी विकून रोकड येई, आणि त्या रोकडीवर मुलें पुण्या-मुंबईस शिकत.

परंतु खाचरांत व वरकसांत राबणारे हात बहुधा कुळांचे होते, हें विसरतां कामा नये. खोताचें कोठार भरे आणि कुळाचें मडकें रितें राही. या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यांतील चरी येथें १९३३ सालीं शेतकऱ्यांनीं संप पुकारला. तो सुमारें सहा वर्षें चालला. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. पुढें १९४८ सालीं कुळकायदा व १९४९ सालीं खोती-निर्मूलनाचा कायदा झाला. आणि कुळकायद्यांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारें कूळ जमिनीचें मालक ठरलें. आपल्या घरांतून ही हकीकत अद्यापि ‘जमिनी गेल्या’ एवढ्याच शब्दांत सांगतात. त्या कसणाऱ्याकडे गेल्या, हेंहि मुलांस सांगणें न्यायाचें होईल.

उरलेल्या जमिनीचा उपयोग पुन्हां बदलला. रहाटाच्या जागीं पंप आला. नाचणीच्या उतारांवर हापूसचीं व काजूचीं कलमें लागलीं; १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेनें त्यास बळ दिलें. आतां कित्येक घरांच्या ओटी-पडवींत पर्यटक उतरतात. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

खरें संकट निराळेंच आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील आगरें आडवीं केलीं. पोफळ लावल्यापासून फळ धरण्यास सहा-सात वर्षें लागतात; साठी उलटलेल्या गृहस्थानें लावलेल्या झाडांचें भर उत्पन्न बहुधा मुलें-नातवंडेंच पाहतात. अशा वेळीं सातबाऱ्यावर वीस नांवें आणि गांवीं एकहि माणूस नाहीं, अशी स्थिति असल्यास रोप कोणीं लावावें, पाणी कोणीं शिंपावें, खर्च कोणीं सोसावा? वादळानें पडलेलें आगर पुन्हां उभें राहतें. धनी नसलेलें आगर मात्र उभें राहत नाहीं.

सबब सुज्ञ कुटुंबांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, गणेशचतुर्थीस सारे भाऊबंद गांवीं जमतात, तेव्हां आरती आटोपल्यावर हा विषय मोकळेपणानें काढावा. २००५ च्या दुरुस्तीनें मुलींचाहि हक्क समान झाला आहे. तेव्हां बहिणींनाहि विचारांत घ्यावें. गांवीं राहून आगर पाहणाऱ्यास त्याच्या श्रमाचा मोबदला प्रथम, वांटे नंतर, असें लेखी ठरवावें. आणि तो जें पीक वा जो व्यवसाय निवडील, त्यांत पदोपदीं आडकाठी करूं नये. एवढें झालें तर पुढील पावसाळ्यास रोपें जमिनींत पडतील.