स्टेम सेलने मधुमेह बरा होतो का?

बेंगळुरूहून बोलतोय. मी डॉक्टर नाही, फौजेतून निवृत्त झालेला अधिकारी. पण हल्ली जुने सहकारी एकच प्रश्न विचारतात : "सर, स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की इन्सुलिन सुटतं म्हणे. पैसे भरू का?" आज त्याबद्दल बोलू.

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षण यंत्रणा या पेशींनाच शत्रू समजून मारते. आपल्याच तुकडीनं आपल्या चौकीवर गोळीबार करावा, तसं. टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि पेशी राबून थकतात.

स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, हा नवा रंगरूट. अजून पलटण ठरलेली नाही. योग्य रसायनं योग्य क्रमानं दिली, तर प्रयोगशाळेत त्यापासून बीटा पेशी घडवता येतात.

या संशोधनात आपली माणसंही आहेत. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये डॉ. रमेश भोंडे यांच्या गटानं मधुमेही उंदरांना अस्थिमज्जेच्या पेशी वारंवार दिल्या. साखर आटोक्यात आल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे भोंडे सर इथे बेंगळुरूत, मणिपालच्या स्कूल ऑफ रीजनरेटिव्ह मेडिसिनचे डीन झाले.

पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. २०१४ मध्ये हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटानं मानवी मूळपेशींपासून मोठ्या संख्येनं बीटा पेशी बनवल्या. २०२५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीचे निकाल आले : टाइप १ च्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं.

मग अडतं कुठे? या पेशी परक्या. त्या टिकाव्यात म्हणून संरक्षण यंत्रणा दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. चौकी पुन्हा उभारता आली, ती राखणं अजून अवघड आहे.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेहावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. मंजूर चाचणीतच तो देता येतो. म्हणून कुणी बोलावलं तर तीन गोष्टी विचारा. चाचणी सीटीआरआयवर नोंदलेली आहे का? एथिक्स समितीची मंजुरी आहे का? आणि चाचणी असेल, तर माझ्याकडून पैसे कशाचे?

उत्तरं मिळाली नाहीत, तर सरळ परत फिरा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून आपल्या मनानं इन्सुलिन बंद करू नका. टाइप १ मध्ये ते एक-दोन दिवसांतही जिवावर बेतू शकतं.

काळजी घ्या. जय हिंद.