गॅसवर गार, विजेवर कोमट

अमेरिकेतल्या आरव्हीत, म्हणजे स्वयंपाकघर-बिछान्यासह फिरणाऱ्या गाडीत, पुष्कळदा कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज असतो. नव्या गाड्यांत १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज येऊ लागले, तरी हा जुना प्रकार अजून भरपूर वापरात आहे. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी १९२२मध्ये स्टॉकहोममध्ये विद्यार्थी असताना त्याची रचना शोधली. त्यात हलणारा एकही भाग नाही. अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण मागच्या बाजूला तापवले जाते, अमोनियाची वाफ वेगळी होऊन वरच्या नळ्यांत थंड होते, द्रव होऊन फ्रीजरमध्ये उतरते, हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा बाष्प होते आणि त्या वेळी आतली उष्णता शोषून घेते. थंडावा मिळतो तो उष्णतेमुळेच. ती उष्णता गॅसच्या ज्योतीने द्यायची किंवा विजेच्या हीटिंग एलिमेंटने.

विजेवर असा फ्रिज कधी गार, कधी कोमट राहू लागला, की आधी तो रात्रभर फक्त गॅसवर चालवून पाहावा. घाई करू नये. रिकामा फ्रिजसुद्धा गार व्हायला दहा-बारा तास घेतो. गॅसवर तो नीट गारठला, तर बंद नळ्यांची यंत्रणा ठीक आहे आणि दोष विजेच्या वाटेवर आहे. दोन्हींवर तो सारखाच रडत असेल, तर गाडी सपाट जागी उभी आहे का, मागच्या हवेच्या झरोक्यांत गांधीलमाशीचे घर तर नाही, दाराचे रबर धरते का, हे बघावे. यात एक फसगत होते. फ्रिज ‘ऑटो’वर असेल, तर वीज गेल्यावर तो स्वतःहून गॅसवर जातो आणि मालकाला वाटते, विजेवर उत्तम चालतोय.

विजेच्या वाटेवर आधी व्होल्टेज मोजावे. मुक्कामाच्या जागी शेजारच्या सगळ्या गाड्यांचे एसी सुरू झाले किंवा लांब, बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड लावली, की १२० व्होल्टचे १०५ होतात. एलिमेंटची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सुमारे पाऊणपट उरते. दिवा लागलेला असतो, फ्रिज ‘चालू’ दिसतो, दूध मात्र नासते. दुपारी बिघडणारा आणि पहाटे सुधारणारा फ्रिज बहुधा याच कारणाने बिघडलेला असतो.

व्होल्टेज ठीक असेल, तर एलिमेंटकडे वळावे. फ्रिजचा प्लग काढून एलिमेंटच्या दोन तारा सोडवाव्यात आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. १२० व्होल्टच्या ३०० वॅट एलिमेंटचा रोध साधारण ४८ ओहम यायला हवा. अनंत रोध म्हणजे एलिमेंट तुटलेले. मोठ्या फ्रिजमध्ये कधी दोन एलिमेंट असतात. एक गेले तर निम्मीच उष्णता मिळते, आणि हा दोष वरून कळत नाही. नवे एलिमेंट मूळ वॅटचेच घ्यावे आणि आपल्या नळीत घट्ट, नेमक्या उंचीवर बसवावे. सैल बसले की उष्णता नळ्यांपर्यंत पोचण्याऐवजी बाहेर जाते.

एलिमेंट निर्दोष निघाले, तर कंट्रोल बोर्ड त्याला वीज देतो का, हे पाहावे. इथे अनेकजण चुकतात: फ्रिज विजेवर असला तरी बोर्डाला गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीची वीज लागते. बॅटरी उतरली किंवा अर्थिंगचे कनेक्शन गंजले, तर बोर्ड भलतेच वागतो. फ्यूज आणि प्लगचे सांधे तपासून, फ्रिज गार करण्याच्या स्थितीत असताना एलिमेंटच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. ते कधी येते, कधी जात असेल, तर बोर्डातल्या रिलेचे संपर्क जळलेले असू शकतात. या वेळी तारांत वीज चालू असते, त्यामुळे हे मोजमाप वीजकामाची सवय असलेल्यानेच करावे. व्होल्टेज अजिबातच येत नसेल, तर आतले तापमान ओळखणारा सेन्सरही तपासावा. तो चुकला, तर बोर्डाला फ्रिज गार झाल्यासारखे वाटू शकते. पण सेन्सरचा दोष गॅसवरही दिसायला हवा.

फ्रिजच्या मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर तपास तिथेच थांबवावा. नळ्या गळू लागल्या आहेत आणि आत ज्वलनशील हायड्रोजन आहे. वीज व गॅस दोन्ही बंद करून फ्रिजची शीतक यंत्रणा बदलून घ्यावी.