दिशा बदलत नाही तेव्हा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्या दिव्याची दिशा मी पहिल्यांदा घेतली. होकायंत्रावर ०७५ अंश. तीन मिनिटांनी पुन्हा घेतली, ०७५. आणखी तीन मिनिटांनी जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक. अंतर मात्र सहा मैलांवरून पाचच्या आत आलं होतं.

दर्यावर वावरणाऱ्याची झोप उडवणारी गोष्ट हीच. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, म्हणजे आपण आणि समोरचा एकाच ठिकाणी, एकाच वेळी पोहोचणार.

मी तेव्हा सेकंड ऑफिसर होतो. बारा ते चारची पाळी माझी. तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज न्हावाशेव्याला निघालं होतं आणि साडेचारला बंदरात वाट दाखवणारा पायलट चढणार होता. महिना डिसेंबरचा, हवा स्वच्छ, क्षितिजावर मुंबईचा तांबूस उजेड. आणि त्या उजेडाच्या अलीकडे मासेमारीच्या बोटींचे दिवे, मोजायला गेलं तर साठ-सत्तर.

जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरने हिरव्या दिव्याखाली पांढरा दिवा लावावा, इतर मासेमारी करणाऱ्याने लालखाली पांढरा, असा नियम आहे. बोटीच्या डाव्या कुशीला लाल आणि उजव्या कुशीला हिरवा दिवा असतो. त्यांवरून बोटीचं तोंड कुठे आहे ते कळतं. प्रत्यक्षात आपल्या किनाऱ्यावर काय दिसतं? डेकवर जाळं निवडायला लावलेले झगझगीत पांढरे दिवे, वर हौसेने सोडलेली निळी-जांभळी लुकलुकणारी माळ, आणि त्या लखलखाटात बुडून गेलेला तो बिचारा लाल किंवा हिरवा. रडारवर ०७५ अंशांवरच्या त्या बोटीचा ठिपका होता, पण ठिपक्याशेजारी नाव नव्हतं. ३०० टनांवरच्या, परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजांना २००४पासून एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं आहे. आपलं नाव, जागा, वेग आणि रोख ते सारखं प्रक्षेपित करत राहतं. या बोटीला तसली सक्ती नव्हती.

आता ती बोट काय करते आहे, याबद्दल मी दोन गोष्टी धरून चालू शकत होतो. एक, ती मला पाहते आहे. दोन, ती वेळेवर वळेल. समुद्रावरच्या टक्कर-प्रतिबंधक नियमांचा मला सगळ्यात जास्त पटलेला भाग नेमका इथे आहे. १९७२ साली ठरलेले आणि १५ जुलै १९७७पासून जगभर लागू असलेले हे नियम. त्यातला सातवा सांगतो, की अपुऱ्या माहितीवरून काहीही गृहीत धरू नये, रडारच्या अपुऱ्या माहितीवरून तर मुळीच नाही. आणि टक्कर होईल की नाही अशी शंका असेल, तर होईल असंच समजावं.

मी कॅप्टनना फोन केला. ते वर येईपर्यंत जहाज तीस अंश उजवीकडे वळवलं होतं. पाच अंश वळूनही भागलं असतं, पण पाच अंशांचं वळण समोरच्याच्या डोळ्यांना कळत नाही. वळायचं तर लवकर आणि ठळक, हाही नियमच, आठवा. काही मिनिटांत दिशा सरकू लागली. ०७४, ०७१, ०६५. बोट आमच्या डावीकडून निघून गेली. तिच्या डेकवर कोणी मान वर केली असेल असं वाटलं नाही.

कॅप्टन एवढंच म्हणाले, ‘‘चहा सांग. आता कंट्रोलला कॉल करायचा.’’

कंट्रोल म्हणजे बंदराची जहाज-वाहतूक सेवा, व्हीटीएस. आमचा येण्याचा अंदाज एजंटमार्फत आदल्या दिवशीच गेला होता. तरी हद्दीत शिरताना व्हीएचएफवर स्वतः हाक द्यावी लागते. जहाजाचं नाव आणि कॉल साइन, पुढचा नि मागचा ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते, आधीचं बंदर, धोकादायक माल, इंजिन-सुकाणूत काही बिघाड, पायलटच्या ठिकाणी पोहोचण्याची वेळ. यातलं बरंच त्यांच्या पडद्यावर आधीच असतं. तरीही विचारतात, आम्ही सांगतो, ते आमचंच वाक्य आम्हाला परत म्हणून दाखवतात. नवीन होतो तेव्हा मला ही कारकुनी वाटायची. पडद्यावर दिसलेलं आणि माणसाने तोंडाने कबूल केलेलं यात फरक असतो, हे हळूहळू उमगलं.

कंट्रोलच्या आवाजाने त्या रात्री सांगितलं : बाहेर जाणारं एक जहाज पायलट सोडून आमच्या वाटेवर येईल, पायलटची शिडी डाव्या बाजूला, पाण्यापासून दीड मीटर वर, आणि बंदरात नेणाऱ्या वाहिनीच्या तोंडाशी मासेमारी दाट आहे.

पुढे काही वर्षांनी एका बंदराचा व्हीटीएस कक्ष आतून पाहायला मिळाला. रेडिओवरचा तो आवाज कुठून येतो याचं मला कुतूहल होतं. खोली वातानुकूलित, काहीशी अंधारी, सहा-सात पडदे. रडारचा ठिपका आणि एआयएसचं नाव एकमेकांवर बसवलेलं, आणि प्रत्येक जहाजापुढे एक रेघ : आहे तसं चाललं तर बारा मिनिटांनी ते कुठे असेल, ती जागा. पाळीवरच्या माणसांचं अर्धं लक्ष जहाजांपेक्षा त्या रेघांच्या टोकांवर होतं. एक टोक दुसऱ्या टोकाला भिडायला लागलं, की हात मायक्रोफोनकडे जायचा. सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होत होतं. टेबलावर तरीही जाड वही होती आणि हाताने नोंदी चालू होत्या.

विमानतळावरचा नियंत्रक विमानाला सांगतो तसं हे लोक जहाजाला सांगत असतील, असा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. त्यांच्या बोलण्याच्या आधी एक शब्द लागतो : माहिती, इशारा, सल्ला, सूचना, प्रश्न. ऐकणाऱ्याला संदेशाचं वजन पहिल्याच शब्दात कळावं, म्हणून. आणि सूचना द्यायची वेळ आली तरी ती परिणामापुरतीच असते. ‘वाहिनीत शिरू नका’ असं ते सांगतील. सुकाणू किती अंश फिरवा, हे सांगणार नाहीत. जहाज वाऱ्याने किती ढकललं जातंय, इंजिन उलटं घेतल्यावर नाळ कोणत्या बाजूला जाते, हे खोलीतल्या खुर्चीवरून दिसत नाही. ते ब्रिजवर उभ्या माणसालाच ठाऊक.

बंदरातली जहाजं किनाऱ्यावरच्या रडारने पाहण्याची सुरुवात १९४८ साली झाली, आइल ऑफ मॅनमधल्या डग्लस बंदरात आणि पाठोपाठ लिव्हरपूलला. कारण धुकं. धुक्यात जहाजं दिवसचे दिवस बाहेर खोळंबायची. आपल्याकडे त्या धुक्याची जागा पावसाळा घेतो, आणि बाराही महिने गर्दी.

मुंबईच्या बंदराची खरी अडचण त्याच्या दारात आहे. मुंबई बंदर आणि न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर ही दोन घरं, पण समुद्राकडून आत यायचा रस्ता एकच. आत शिरताना डावीकडे कुलाब्याच्या टोकाशी प्रॉन्ग्ज रीफची दिवादांडी, १८७५ची. उजवीकडे दक्षिणेला खांदेरी बेट. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तिथे तट बांधायला घेतला, तोही याच दारावर नजर ठेवण्यासाठी. आज त्या बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे आणि तिथल्या दिव्याची दिशा घेऊन जहाजं आपली जागा पडताळतात.

तीन वाजून गेल्यावर आम्ही वेग कमी करत आणला. सुकाणू ऑटोपायलटवरून हातावर, बोसन नाळीवर नांगरापाशी. पुढे वाहिनीचे बोये लुकलुकू लागले : आत येताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवे. अमेरिकेत हेच रंग उलट असतात, त्यामुळे तिकडून आलेला ऑफिसर पहिल्या दिवशी मनातल्या मनात घोकत असतो.

बोयांच्या त्या दोन रांगांमध्ये शिरलं की नातं पालटतं. बाहेर मोकळ्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या बोटीला वाट देणं माझं काम होतं. म्हणून मी तीस अंश वळलो. आत अरुंद वाहिनीत मात्र त्या बोटीने माझी वाट अडवायची नाही, असं नववा नियम म्हणतो. बोट तीच, तांडेल तोच, जाळं तेच. कारण साधं आहे : आता मला वळायला जागाच नाही. आमचा ड्राफ्ट साडेबारा मीटर. न्हावाशेव्याची वाहिनी टप्प्याटप्प्याने खोदत आज १५ मीटरपर्यंत नेली आहे, तरी खोल जहाजं भरती पाहूनच आत घ्यावी लागतात. त्या रात्री अष्टमीच्या आसपासचा भांग होता, म्हणजे पाणी फार चढणार नव्हतं, भरती सहानंतरची. त्यात उथळ पाण्यात जहाज वेगाने गेलं तर अधिक खाली बसतं. वेग दुप्पट, तर हे बसणं साधारण चौपट. म्हणून आत हळू जाणं हीच खोली मिळवायची युक्ती. पण फार हळू गेलं तर सुकाणू ऐकत नाही. आणि थांबायचं म्हटलं तर? पूर्ण वेगातून इंजिन उलटं घेऊन थांबायला जहाजाच्या पंधरा लांब्यांपर्यंतचं अंतर आंतरराष्ट्रीय निकषांत बसतं. आमच्या जहाजाला ते साडेचार किलोमीटर.

तरीही मोठ्याला हक्क मिळाला असं होत नाही. लहानाने वाट अडवू नये, म्हणून मोठ्याची टक्कर टाळायची जबाबदारी सुटत नाही. या नियमांत सगळ्यांच्या वाट्याला कर्तव्यंच आली आहेत.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी पायलटची लाँच आली, पांढऱ्या दिव्याखाली लाल. माणूस अंधारात, लाटेच्या उंचवट्यावर नेमका क्षण साधून दोरीच्या शिडीला लटकतो आणि वर चढतो. एवढ्या रडार-उपग्रहांच्या काळात बंदरात शिरण्याचा शेवटचा दुवा अजून हीच एक शिडी आहे. पायलटसाहेबांनी कॅप्टनशी हात मिळवला, ड्राफ्ट, इंजिन, टग यांची दोन मिनिटं बोलणी झाली. मी वहीत वेळ टाकली आणि नेहमीचं वाक्य लिहिलं : कॅप्टनच्या हुकमाने, पायलटच्या सल्ल्याने.

फटफटायच्या आधी एक बोट थेट पुढ्यात आली. पायलटने वाट पाहिली नाही, भोंगा दिला. एक आखूड म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतोय. त्यांनी दिले पाच. पाच आखूड भोंग्यांचा अर्थ : तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही, किंवा तू करतोयस ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही. रेडिओवरून कंट्रोलचा आवाज इंग्रजी सोडून मराठीत आला, ‘‘नाखवा, मोठी बोट येते, बाजूला व्हा.’’ क्षणभर नुसती खरखर. मग, ‘‘आलो बाजूला, आलो.’’ त्या तीन शब्दांनी ब्रिजवरच्या सगळ्यांचे खांदे खाली आले.

७ ऑगस्ट २०१० या तारखेचा उल्लेख ब्रिजवर त्या दिवशीही निघाला. या वाहिनीत शिरताना कोणीतरी तो काढतोच. सकाळी दहाच्या सुमारास, याच वाटेवर, न्हावाशेव्याहून निघालेलं एमएससी चित्रा आणि मुंबई बंदराकडे येणारं खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्याला लागलं, आणि बंदराचं दार काही दिवस बंद राहिलं. सकाळचा उजेड होता आणि दोन्ही जहाजं मोठी होती. दिसणं आणि एकमेकांचा बेत ठाऊक असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा सगळा खटाटोप दुसऱ्या गोष्टीसाठी चालतो.

मी जहाज सोडून आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने जात होतो. वाहिनी जवळ आली तेव्हा डावीकडून एक भलं मोठं कंटेनर जहाज बाहेर पडत होतं. मी सवयीने तांडेलाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याच्याकडे रडार नव्हतं. एक हात सुकाणूवर, एक डोळा मिटलेला. मी विचारलं, ‘‘काय बघता?’’

तो म्हणाला, ‘‘त्याची नाळ नि मागचा डोंगर. डोंगर त्याच्या मागं सरकतोय का बघायचं. नाय सरकला, तर आपली गाठ पडली.’’

माझं ०७५ अंश त्याच्याकडे करंजाच्या डोंगराच्या रूपात होतं. त्याने डोंगर दोन-तीनदा पाहिला, काही बोलला नाही, इंजिन मंद केलं. एवढ्या मोठ्या धुडाला ही होडी दिसली असेल की नसेल, हा विचारसुद्धा त्याने केला नसावा. जहाज पुढून गेलं. त्याची लाट आली, लाँच दोनदा डुलली, कोणाची तरी मासळीची पाटी घसरली. तांडेलाने मागे वळून पाहिलं, दुसरं काही येत नाही याची खात्री केली आणि मगच पुन्हा वेग दिला.