मशीन लोखंडाचं, कंबर हाडामांसाची

आपल्या वस्तीतली बरीच मुलं आता जेसीबी, पोकलेन, डंपर, रोलर चालवतात. बापानं घमेली उचलली, मुलगा सीटवर बसून कमावतो, याचा घराला अभिमान असतो. पण आम्ही वस्तीत आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा तिशीतले ऑपरेटर कंबरेला हात लावून उठतात. ‘बसून तर काम करतोस, कंबर कशी दुखते?’ असं घरचेच विचारतात. म्हणून हे लिहीत आहोत.

मशीनचा हादरा सीटमधून थेट मणक्यात जातो. दोन मणक्यांमधली मऊ चकती तो झेलते. वर्षानुवर्षे रोज आठ-दहा तास हबके बसले की चकती झिजते. कधी ती सरकून पायाकडे जाणारी नस दाबते. यालाच लोक ‘गॅप पडला’ म्हणतात. शिवाय रिव्हर्स घेताना मान वळवून बसणं, बकेट दिसावी म्हणून पुढे वाकणं, दिवसभर लिव्हर ओढणं यानं मान, खांदे, मनगटं धरतात.

एवढं तरी करा:

• सीट आपल्या वजनाला आणि उंचीला जुळवून घ्या. पाठ टेकलेली हवी. सीट मोडकी असेल तर मालकाला सांगून बदलून घ्या.
• खडबडीत जागी गाडी हळू चालवा.
• तासाभरानं पाच मिनिटं उतरा, चाला.
• केबिनमधून उडी मारू नका. मशीनकडे तोंड करून, हाताला आधार धरून उतरा.
• उतरल्या उतरल्या डिझेलचा कॅन किंवा जड वस्तू उचलू नका.

मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज खाऊ नका. पोटात जखम होते, मूत्रपिंडं बिघडतात. मणका ‘बसवून’ देणाऱ्याकडे झटके घेऊ नका.

कळ पायात उतरली, मुंग्या येऊ लागल्या तर सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी गाठा. उशीर झाला तर अपंगत्व कायमचं राहू शकतं.

आणखी एक. इमारत, रस्ता, पुलाच्या कामावरचा ऑपरेटरही बांधकाम कामगारच आहे. वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस काम झालं असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती आजच करा.

मशीनचं सर्व्हिसिंग मालक वेळेवर करून घेतो. आपल्या शरीराचं आपणच करायचं आहे.