दुखणं गुडघ्यात, दुबळेपण खुब्यात

दौलताबादचा किल्ला चढताना धाप लागते. गुडघे कुरकुरतात ते बारादरीवरून उतरताना. खालचा पाय पुढच्या पायरीला टेकेपर्यंत अंगाचा सगळा भार वरच्या एका पायावर असतो. मांडी तो पेलते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खुब्याचे स्नायू मात्र कुणाच्या हिशेबात नसतात.

त्यातला मुख्य ग्लुटिअस मीडियस. कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला पंख्यासारखा पसरलेला आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बांधलेला. एक पाय उचलला की त्या बाजूची कंबर खाली जायला बघते; उभ्या पायाचा हा स्नायू तिला धरून ठेवतो. अंगाचं वजन सांध्यापासून लांब आणि स्नायू जवळ, म्हणून त्याला वजनाच्या साधारण दुप्पट जोर लावावा लागतो. तो कमी पडला तर कंबर कलते, मांडी आत वळते आणि गुडघाही आत झुकतो.

कंबर कलण्याचं हे लक्षण जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये नोंदवलं. डॉक्टर आजही ते तपासतात. घरी आरशासमोर कमरेचा पट्टा बघत एका पायावर उभं राहिलं, तरी अंदाज येतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेने २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. दर वेळी पुन्हा एकाच पायावर उतरणं!

तालमीतल्या बैठका उत्तमच, पण त्या दोन्ही पायांवर होतात; बाजूच्या स्नायूला त्यात काम थोडं. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलावा. पाय किंचित मागे हवा आणि बोटं छताकडे वळू नयेत, नाहीतर मांडीच्या पुढचे स्नायूच काम उरकतात. दुसरा व्यायाम जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरचा: एका पायाची टाच सावकाश जमिनीला लावायची आणि परत वर घ्यायची. उभ्या पायाचा गुडघा अंगठ्याच्या आत जाऊ द्यायचा नाही.

आतल्या बाजूच्या जांघेसाठी ‘कोपनहेगन’ नावाचा व्यायाम आहे. कोपरावर कुशीला टेकून वरचा पाय बाकावर ठेवायचा आणि कंबर उचलायची. नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवरच्या २०१९ च्या अभ्यासात या एका व्यायामाने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला. नवख्यांनी मात्र बाकावर पाऊल न ठेवता गुडघा टेकवूनच सुरुवात करावी. पहिल्याच दिवशी हौस केली, तर दुसऱ्या दिवशी रिक्षात चढताना जांघ आठवण करून देते.