रंधा मशीनची पाती

जुन्या रंधा मशीनवर फळीला लाटा उठू लागल्या की सुतार पाती बदलतो, तरी लाटा जात नाहीत. कारण तीनपैकी एक पातं किंचित वर राहिलेलं असतं आणि सगळं काम तेच करतं.

आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. एका वेळी एकच पातं सोडा. खाचेतला भुसा, राळ खरवडून काढा. मग रंधलेली फळी जिथे येते, त्या मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवा. तिचं टोक पात्यावर येऊ द्या आणि ड्रम हाताने फिरवा. पात्याने पट्टी साधारण ३ मिलिमीटर ओढावी, दोन्ही टोकांना सारखीच. जास्त ओढली तर पातं उंच आहे, फळीच्या शेवटी खड्डा पडेल. ओढलीच नाही तर फळी टेबलाच्या कडेला अडेल.

बोल्ट मात्र दोन-तीन फेऱ्यांत, थोडेथोडे आवळा. सैल पातं फिरत्या ड्रममधून गोळीसारखं सुटतं.

आणि ड्रम गोल नसून चौकोनी असेल, तर पाती बदलण्याच्या भानगडीत पडूच नका. त्याच्या मोठ्या फटीत बोटं ओढली जातात. हाताने लाकूड सरकवायच्या मशीनवर असे ड्रम ब्रिटनने १९२२ च्या नियमांनीच बंद केले.