जुना संगणक आणि घराची राखण

घर बांधून झाले म्हणजे घरधन्याचे काम संपत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावी लागतात, दाराची कडी सैल झाली तर ती बसवून घ्यावी लागते. घरातल्या संगणकाची गोष्ट याहून निराळी नाही. तथापि तो चालू झाला की आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला आणि त्याचा जुना संगणक वडिलांच्या टेबलावर राहिला, अशा घरात तर ही समजूत अधिकच दृढ असते. यंत्र जुने, वापरणारा नवखा. आणि त्याच यंत्रावरून निवृत्तिवेतनाचे खाते पाहावयाचे, विजेचे बिल भरावयाचे, नातवंडांची छायाचित्रे जपावयाची!

यंत्राचे वय हा मुख्य धोका नव्हे. संगणक ज्या प्रणालीच्या आधारे चालतो ती माणसांनीच लिहिलेली असते आणि तीत चुका राहतात. अशी एखादी चूक म्हणजे भिंतीतले भगदाडच होय. ते लक्षात आले की निर्माते दुरुस्ती पाठवितात. तिलाच ‘अपडेट’ म्हणतात. विंडोज या प्रणालीच्या नेहमीच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की भगदाड नेमके कोठे होते, हे तिच्यावरून चोरालाही ताडता येते. म्हणून ज्याने ती दुरुस्ती बसविली नाही, त्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. 2017 साली याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. विंडोजमधील एका दोषावरील दुरुस्ती 14 मार्चला निघाली होती. 12 मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव त्याच वाटेने शिरला. सुमारे 150 देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले, फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. इंग्लंडमधील इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध तयार होते. ते घेतले मात्र गेले नव्हते.

नवख्या माणसाने करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. अपडेटची सूचना आली असता ती पुढे ढकलू नये, आणि काम चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करू नये. विंडोज 10 व 11 मध्ये ‘डिफेंडर’ हा पहारेकरी मुळातच असतो; त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन पहारेकरी नेमले तर यंत्र मंदावते, सुरक्षितता त्या प्रमाणात वाढत नाही. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. सर्वाधिकाराचे खाते प्रसंगापुरतेच उघडावे. महत्त्वाचे कागद आणि छायाचित्रे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी; कारण जोडलेल्या डिस्कपर्यंत चोराचाही हात पोहोचतो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर पडद्यावर झळकला, तर तो फोन करू नये. पैसे गेलेच, तर विलंब न लावता 1930 या सरकारी क्रमांकावर कळवावे.

परंतु एक दिवस असा येतो की निर्माते दुरुस्त्या पाठविणेच थांबवितात. विंडोज 7 साठी तो दिवस 14 जानेवारी 2020 रोजी आला, आणि विंडोज 10 साठी 14 ऑक्टोबर 2025 रोजी. घरगुती ग्राहकांसाठी नोंदणीची एक वाढीव योजना जाहीर झाली. पण तिची मुदतही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच ठरली. फसगत अशी की त्या दिवशी यंत्र बंद पडत नाही. ते पूर्वीसारखेच चालते; फक्त पुढे सापडणारी भगदाडे बुजविली जात नाहीत.

विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि पुष्कळ जुन्या संगणकांत ती नसते. म्हणून ते भंगारात घालण्याचे कारण नाही. ‘लिनक्स मिंट’सारखी विनामूल्य प्रणाली जुन्या यंत्रावरही बहुधा चालते, पत्रलेखन, इंटरनेट, देवनागरी टंकलेखन ही कामे तीवर होतात. जाणत्याच्या मदतीने, आणि आधी सर्व फायलींची प्रत काढून, हा बदल करावा. तेही जमत नसेल तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून लेखनापुरता ठेवावा आणि बँकेचे व्यवहार त्यावरून करू नयेत.

मुलगा सुटीत घरी येतो तेव्हा वडिलांनी त्याच्याकडून एवढेच विचारून घ्यावे : या यंत्रात कोणती प्रणाली आहे, आणि तिला दुरुस्त्या मिळण्याची अखेरची तारीख कोणती? ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवली, म्हणजे राखणीचे निम्मे काम झाले.